बादलीतल्या कपबशा

एरलंडच्या वडिलांची खेकड्यांची बोट ऑर्कनी बेटांजवळच्या बर्फगार समुद्रात बुडाली. वडील सापडलेच नाहीत. आता त्याच बोटीपाशी तो हौशी पाणबुड्यांना घेऊन जायचा. काही उचलू नका म्हणून कितीही बजावलं, तरी लोक उचलायचेच. म्हणून चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेल्या कपबशा बादलीत भरून तो आधीच तळाशी टाकून यायचा. त्यांनी त्या खुशाल न्याव्यात, वडिलांच्या वस्तूंना हात लावू नये, एवढंच.

"बापाच्या थडग्यावर दुकान मांडलंयस," आई टोमणा मारायची. पण आज सकाळी तिनंच बादली भरून, वर फडकं झाकून होडीत आणून ठेवली. आई निवळली एकदाची, असं त्याला वाटलं. अंधाऱ्या पाण्यात त्यानं बादली न बघताच रिकामी केली.

दुपारी लंडनची एक बाई कुडकुडत पाण्यातून वर आली आणि तिनं पिशवीतून हळूच एक कप काढला. निळ्या काठाचा, कानाचा टवका उडालेला.

"रागावू नका हं, एकच घेतलाय. त्या बिचाऱ्या बुडालेल्या माणसाचाच असणार, हो ना?"

एरलंडनं तो कप ओळखला. परत द्या म्हणावं, तर बाकीचं सगळं आपणच टाकलेलं, हेही सांगावं लागणार.

"जपून न्या," एवढंच तो म्हणाला.



वडील गेल्यापासून कालपर्यंत आई रोज सकाळी आपल्या कपाशेजारी त्यांचा हाच कप चहानं भरून ठेवत आली होती.