शुगरच्या गोळ्या

सतरावा घोट तिने तोंडात घोळवला आणि बेसिनमध्ये थुंकला. शीतपेयांच्या कारखान्यात तिचं कामच ते. बिनसाखरेच्या पेयांचा गोडवा जिभेवर तपासायचा, गिळायचा नाही. आठ वर्षं झाली, पण त्या खोट्या गोडीचा चिकट थर टाळूवरून जाता जात नाही. घरी गेल्यावर साधं पाणीसुद्धा गुळमट लागतं. आज तर शेजारच्या टेबलावरच्या पेपरात ठळक छापलं होतं, कृत्रिम गोडव्याने कॅन्सर होण्याची शक्यता.

हातही न पुसता तिने घरी फोन लावला.

"बाबा, त्या शुगरच्या गोळ्या आत्ताच्या आत्ता फेकून द्या. कॅन्सर होतो त्यांनी."

"होतो, की होण्याची शक्यता आहे?" बाबांनी विचारलं. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्याचा शब्द पकडायची खोड निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती.

"शब्दांचा कीस पाडू नका. फेका."

"अगं, पण डॉक्टरांनीच सांगितल्यात ना."

"डॉक्टरांचं काय जातंय सांगायला? मी रोज यात तोंड बुडवून बसते, मला विचारा. आणि त्यांच्यापुढे हा विषय काढू नका, उगाच वाद नको."

"बरं. म्हणजे सगळ्या?"

"सगळ्या."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबांनी आपण होऊनच सांगितलं, "टाकल्या गं." मग स्वतःचा चहा स्वतः केला आणि कप घेऊन ते खोलीत गेले. आतून टक असा आवाज आला. शब्दकोडं घेऊन बसले असतील, तिला वाटलं. पेनाचं बटण दाबत बसायची त्यांची जुनी सवय. तिला हायसं वाटलं. आई कॅन्सरने गेली होती, तिच्या डोळ्यांदेखत सडत गेली होती. बाबांना तसं जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिने मनाशी धरली होती.

तीन महिन्यांनी बूट चावून बाबांच्या अंगठ्याला फोड आला. फोडाची जखम झाली आणि जखम काही भरेना. पट्टी ती स्वतः बदलायची. पट्टी सुटली की खोलीभर असा दर्प पसरायचा की तिला श्वास रोखून धरावा लागायचा. पू कापसाला चिकटून पाकासारखी तार धरायचा. तिला किळस यायची, आणि आपल्याच बापाची किळस येते म्हणून स्वतःचीही यायची.

"साखर आभाळाला टेकलीय यांची," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "गोळ्या वेळेवर घेतात ना?"

"एकही चुकत नाही," उत्तर तिनेच दिलं. रोज नाश्त्यानंतर रक्तदाबाची, हृदयाची, आणखी कसली कसली गोळी बाबा तळहातावरून तोंडात टाकताना ती बघतच होती.

"मी हिच्या शब्दाबाहेर नाही," बाबा म्हणाले.

"मग तोंडावर ताबा नाही तुमचा. चोरून खाताय. हे असंच चाललं तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय काढावा लागेल."

बाबा चष्मा काढून पुसायला लागले. त्यातच तिला कबुली दिसली.

घरी येऊन तिने त्यांची खोली उलटीपालटी केली. गादीखाली, पुस्तकांमागे, जुन्या कोटाच्या खिशांत, सगळीकडे हात घातला. काही सापडलं नाही. पण संडासाच्या भांड्याला मुंग्या लागल्या होत्या. काठावरून आत उतरणारी काळी, वळवळणारी रांग. बघताबघता तिला कोरडी ओकारी आली.

"लाज नाही वाटत?" ती बाहेर येऊन म्हणाली. "मी इथे तुमचा पू काढत बसते, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे गोड गिळताय."

"मी काही खात नाही गं."

"मग मुंग्या काय खोटं बोलतात?"

बाबा लंगडत उठले आणि भांड्यात पाणी ओतून आले. तिने स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावलं, फळं बंद केली, आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एकच शब्द बोलली, चोर.

अंगठा काळा पडला. मग पाऊल. पाय गुडघ्याखालून काढायचा ठरला, उद्या सकाळी.

दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहून तिने संमतीच्या कागदावर सही केली. सहीसाठी घेतलेलं बाबांचं पेन हातात तसंच धरून ती वॉर्डात परतली. दुपारचा चहा नुकताच येऊन गेला होता. बाबांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

आतून आवाज आला. टक.

तिने हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग पडदा सारला. बाबा उशीला टेकून चहा ढवळत होते. त्यांच्या मुठीत बोटभर लांबीची पांढरी डबी होती, वरचं बटण दाबलं की खालून एक गोळी पडते तसली. बिनसाखरेच्या गोडव्याच्या असल्या डब्या तिने दुकानांत शेकड्याने पाहिल्या होत्या.

"सापडलात शेवटी," ती म्हणाली. "ही फेकली म्हणाला होतात ना?"

"ही?" बाबांनी डबी उताणी करून पाहिली. "ही कुठे फेकायला सांगितलीस? हा चहाचा गोडवा. तू शुगरच्या गोळ्या म्हणाली होतीस." ते जरा दुखावल्यासारखे दिसले. "सकाळ-संध्याकाळच्या. डॉक्टरांनी दिलेल्या. त्या मी त्याच दिवशी फेकल्या बघ, सगळ्या."