विकायला काढलेली गाडी

"उतरा सगळे, गाडी हलकी करा!" घाटातल्या चढावर आमची छोटी डिझेल गाडी पुन्हा बंद पडली तसे बाबा ओरडले. "दमच नाही हिच्यात. बरं झालं विकतोय." घाटमाथ्यावर गिऱ्हाईक थांबलं होतं.

ॲव्हरेज मिळावं म्हणून बाबा चढावरही तिसरा गिअर सोडत नसत.

"कुणी उतरायचं नाही." आईने त्यांनाच शेजारच्या सीटवर बसवलं, स्टिअरिंग हातात घेतलं, गाडी सुरू केली, पहिल्यावरून दुसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला.

"अगं, डिझेल किती पिईल!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग इंजिनाचा वेग चढला, तसा टर्बो जागा झाला, त्याने शीळ घातली आणि गाडीने अशी उसळी घेतली की आम्ही सीटला चिकटलो. ट्रक मागे, एसटी मागे!

माथ्यावर गिऱ्हाईक हात करत होतं. "थांबू?" आईने विचारलं.

बाबांनी घाईघाईने काच वर केली. "थांबतेस कसली? दाब!"