गाठ माझ्याशी आहे

आईच्या स्तनातली गाठ काढली, तेव्हा संशोधक मुलीने तिच्यातल्या थोड्या पेशी प्रयोगशाळेत आणून वाढवल्या. आई गेली, पेशी जगल्या. "माझ्या आईला खाल्लंत. आता गाठ माझ्याशी आहे," ती त्यांना दातओठ खात म्हणायची.

काचेच्या बशीत शेजारी वाढवलेल्या रक्तवाहिन्यांना त्या पेशी आपल्याकडे फांद्या फोडायला लावत आणि त्यांवर पोसत. त्या फांद्याच रोखणाऱ्या औषधामागे ती वर्षानुवर्षं लागली होती.

अखेर एका सकाळी तिने बाबांना बोलावून पडद्यावर दाखवलं. "बघा. रक्तवाहिन्या सुकल्या. पेशी उपाशी मेल्या सगळ्या."

"बरं झालं. तिचे हाल मी बघितलेत," बाबा म्हणाले. ते पडद्याजवळ सरकले. "पण त्या पेशीही तिच्याच ना गं? म्हणजे तिचं जिवंत असं आता काहीच उरलं नाही."

"थोड्या गोठवून ठेवल्यात, बाबा. पुन्हा वाढवीन."

"आणि मग?"

"पुन्हा मारीन."