घरी आलेली होडी

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून साहेब चिखलात उतरला, तेव्हाच वेणूला तो बरा वाटला. होडी बघायला आलेले बाकीचे काठावरूनच परत फिरले होते.

ओहोटी होती. पनवेलच्या खाडीत गोऱ्याची होडी एका कुशीवर कलंडून पडली होती. प्रधानसाहेब मुंबईचा, नौदलातून निवृत्त झालेला. त्यानं तिच्या पोटाखालून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“कुणाची ही?”

“गोरा इंजिनेर व्हता, त्याची,” जगन काठावरून म्हणाला. “देश सोडताना आनंदाला देऊन गेला.”

“आनंदा कोण?”

जगननं वेणूकडं पाहिलं. “हिचा पयला नवरा.”

आनंदा त्या गोऱ्याचा खलाशी होता. होडी घरी आली तेव्हा अख्खा कोळीवाडा हसला होता. पोट खोल, खाली शिशाचा जड कणा, ओहोटीला चिखलात रुतणारी. वारा मंद असला की जागची हलायची नाही. “हिची मजा खाडीत नाय, दर्यात हाय,” आनंदा म्हणायचा. “लाटंवर नाचत नाय ही. लाट फोडून जाते.”

गोरे गेले त्याच्या पुढच्या साली, दसरा झाल्यावर, आनंदा एकटाच तिला घेऊन उरणच्या पलीकडं गेला. तो परत आला नाही. होडी आली.

जगन तेव्हा खाडीच्या तोंडाशी जाळं लावत होता. त्यानंच तिला पाहिलं, त्यानंच गावाला सांगितलं. शीड भरलेलं, सुकाणूचा दांडा मोकळा हालतोय, वर माणूस नाही, आणि होडी ओहोटीला न जुमानता सरळ घराकडं येतेय. तो तिच्यावर चढला आणि तिला बंदराला घेऊन आला. वेणूची लेक मैना तेव्हा अंगावर पीत होती.

“धन्याला दर्यानं नेला, पर होडी घर इसरली नाय,” असं म्हणत बाया रडल्या. आनंदाची आई गंगाबाई मरेपर्यंत त्या होडीला हळदकुंकू वाहत होती.

आनंदा आणि जगन एका ताटात जेवणारे मित्र. वेणूला पहिली मागणी जगनच्या घरून आली होती, पण बापानं तिला आनंदाला दिलं. जगननं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुढं त्यानंच वेणूशी पाट लावला. मैनाला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. दारूला शिवला नाही, वेणूवर हात उगारला नाही. असा नवरा कोळीवाड्यात दुसरा नव्हता.

होडीवर मात्र त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही. “फोडून टाकू, चुलीला लाकडं व्हतील,” असं तो दरसाल म्हणायचा. वेणू नको म्हणायची. मन भरून आलं की ती बंदरावर जाऊन होडीच्या फळ्यांना हात लावून बसायची. एवढ्या दर्यातून ही मुकी बाई एकटी आली, निरोप सांगायला आली, असं तिला वाटायचं.

आता फळ्या कुजायला लागल्या होत्या. हा साहेब तिला फोडणार नव्हता, नीट करून पुन्हा दर्यात घालणार होता. म्हणून वेणू विकायला कबूल झाली. फक्त एकदा तिला होडीत बसायचं होतं.

साहेबानं गळत्या फटी बुजवून घेतल्या, नवं शीड आणलं आणि एका भरतीला तिला बाहेर काढलं.

“तू नको येऊ,” जगन म्हणाला. “जुनं लाकूड हाय.”

“मी जानार.”

मग जगनही मुकाट्यानं चढला.

खाडीच्या तोंडाशी वारा लागला. होडी एका बाजूला झुकली आणि तिनं पाणी कापलं. आनंदा इथंच बसत असेल. याच फळीला पाय टेकवत असेल.

“बघा, इतकीच झुकते,” प्रधानसाहेब खुशीत म्हणाला. “खालचं शिसं तिला याहून पडू देत नाही. म्हातारी आहे, पण वादळात हिच्यासारखी हीच. आता खरी गंमत बघा.”

त्यानं सुकाणूचा दांडा सोडला.

“सोडू नका!” जगन ताडकन उठला.

पण दांडा सुटला होता. होडी आपणहून वळली. वाऱ्याकडं तोंड झालं, शीड फडफडलं आणि चालती होडी पाण्यावर उभी राहिली.

साहेब हसला. “घाबरलात? अहो, ही घडवलीच अशी आहे. एकटा माणूस पाण्यात पडला, तर होडीनं त्याला टाकून पुढं जाऊ नये. म्हणून दांडा सुटला की ही वाऱ्याकडं बघत थांबते. पडलेल्यानं पोहत यावं, वर चढावं.”

त्यानं पुन्हा शीड भरून घेतलं आणि पुन्हा दांडा सोडला. होडी पुन्हा वळली, थांबली आणि लाटांवर डुलत राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

वेणूनं मोकळ्या दांड्याकडं पाहिलं.

“साहेब,” तिनं विचारलं, “भरल्या शिडानं ही एकटीच घरी येल?”

“एकटी? छे! दहा हातसुद्धा नाही जायची. दांड्यावर माणूस पाहिजेच.” साहेबानं नवलानं तिच्याकडं पाहिलं. “एकटी आली, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

जगन पाण्याकडं बघत होता.

वेणूनं डोईवरचा पदर सारखा केला.

“आमच्या ह्यांनी,” ती म्हणाली.