इंजिनाच्या जागी

बटण दाबल्यावर नांगर वर यायला हवा होता. वर आलं ते ट्रॅक्टरचं नाक. पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून लोंबकळली आणि सीटवर बसलेला मालक आभाळाकडे बघत राहिला. नांगर होता तिथेच, मातीत, ढिम्म.

"शाबास, गाढवा," तो स्वतःशी म्हणाला. "नांगर उचलायला निघालास आणि स्वतःच उचलला गेलास."

बायकोचा भाऊ, पेशाने वेल्डर, बांधावर पोट धरून हसत होता. "भाऊजी, खाली या आता! वरून काय काय दिसतंय?"

मालकाला सगळे शास्त्रज्ञ म्हणत. कौतुकाने नव्हे. जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन काढून त्याने बॅटऱ्या आणि मोटर बसवली, तेव्हापासून हे नाव चिकटलं होतं. ट्रॅक्टर मात्र झकास चालायचा. धूर नाही, आवाज नाही. खोट एकच. नांगर उचलायची सोय इंजिनाबरोबरच गेली होती. नांगराची एक रेघ, म्हणजे तास, संपून बांधाशी आलं की लांब दांडा ओढून नांगर हाताने उचलावा लागे. तो दांडा ओढायला बायको मागून चालायची.

तिचा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा तिने तेल चोळलं. मग हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलणं बंद करा, नाहीतर हात कायमचा आखडेल. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा दांड्याशी हजर. "डाव्या हाताने ओढते की," म्हणाली.

म्हणून ही लिफ्ट. शास्त्रज्ञाने भंगारातून दवाखान्याचा एक पलंग आणला, डोक्याकडची बाजू वर-खाली होते तसला. त्याची मोटर काढून मेहुण्याकडून नांगराला जोडून घेतली. "ही पेशंट उठवते," त्याने सगळ्यांना ऐकवलं होतं. "नांगर काय चीज आहे!" आता पेशंट उठला होता, पण भलताच.

मेहुण्याने हसू आवरत ट्रॅक्टरचं पुढचं झाकण उघडलं. आत नुसती पोकळी. जड इंजिन गेलं होतं आणि बॅटऱ्या सगळ्या सीटखाली. "नाकात वजनच नाही, भाऊजी."

"डोक्यात नाही, ते नाकात कुठून येणार," शास्त्रज्ञ स्वतःशी म्हणाला. नांगराजवळ उभी असलेली बायको फिस्सकन हसली. हल्ली ती शेतात सारखी हसायची. त्याला वाटायचं, ट्रॅक्टरला हसते.

पोत्यांत वाळू भरून ती पोकळीत रचली. त्याने जीव मुठीत धरून बटण दाबलं. पलंगाची मोटर गुणगुणली आणि नांगर मातीतून अलगद वर आला. नाक जमिनीवरच. शास्त्रज्ञाला नाचावंसं वाटलं. तो खाली उतरला, बायकोसमोर उभा राहिला आणि उगीचच खाकरला. असलं काही बोलायची त्याला सवय नव्हती.

"उद्यापासून तू यायचं नाहीस. घरी बस. खांद्याला आराम दे."

ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली, पाण्याची बाटली उचलून चालायला लागली. चार पावलांवर थांबली आणि वळली.

"लग्न झाल्यापासून या ट्रॅक्टरच्या मागे चालतेय, आधी ढेकळं फोडत, आता दांडा ओढत. त्या इंजिनाच्या धडधडीत तुम्ही काय बोलायचात, देव जाणे. घरी आलात की तोंडाला कुलूप. आता कुठे ऐकू यायला लागलं होतं."

"काय ऐकू यायला लागलं होतं?" शास्त्रज्ञाने विचारलं.

"सगळं! तास वाकडा गेला की स्वतःला घालता त्या शिव्या. आत्ताचं ते डोक्यातलं वजन. आणि परवाचं. 'तिचा खांदा तुझ्यापायी गेला, गाढवा, दुखतंय का म्हणून एकदा तरी विचारलंस?'" तिने बाटली खाली ठेवली. "दुखतंय हो. पण घरी बसले तर हे मला कोण ऐकवणार?"

मेहुण्याने घाईघाईने लिफ्टच्या साखळीला तेल घालायला घेतलं. शास्त्रज्ञाचे कान तापले. आयुष्यभर तो इंजिनाच्या आवाजात स्वतःशी मोठमोठ्याने बोलत आला होता. इंजिन काढलं, पण तोंड बंद करायचं राहूनच गेलं.

तो ट्रॅक्टरच्या पुढे गेला आणि वरची पोती ओढून बाहेर टाकायला लागला.

"भाऊजी, नाक परत उठेल!"

"नाही उठणार."

उरलेल्या पोत्यांवर त्याने एक रिकामं पोतं घडी घालून अंथरलं. मग बायकोचा बरा हात धरून तिला वर चढवलं. ती इंजिनाच्या जागी बसली, त्याच्याकडे तोंड करून. त्याने बटण दाबलं. नांगर वर आला. नाक हललं नाही.

त्याने नांगर मातीत टेकवला आणि ट्रॅक्टर हळूच सोडला. चाकाखाली ढेकूळ फुटलेलंही ऐकू येत होतं.

"इंजिनाच्या जागी बायको बसवलीस, गाढवा," तो म्हणाला. "आता तरी जरा जपून बोल."

"जपून नको," समोरून उत्तर आलं. "मोठ्याने बोला."