टेपचं दुसरं टोक

भयपटाच्या पोस्टरसाठी सकाळपासून एकच फोटो चालला होता. कोपऱ्यात रबरी भूत उभं होतं आणि दर वेळी त्याचा चेहरा पुसटच येत होता. फोटोग्राफर पार वैतागला.

"अंतरच चुकतंय. टेपचं टोक धर त्याच्यापाशी," तो बायकोवर खेकसला आणि चष्मा कपाळावर चढवून, कॅमेऱ्यापाशी वाकून आकडे वाचू लागला.

आठ फूट. मग सात.

"अगं, पुढे काय येतेस? जागची हलू नकोस म्हटलं ना."

सहा.

"किती वेळा सांगायचं तुला?"

"कुणावर ओरडताय?" आतल्या खोलीतून बायको म्हणाली. "टोक भुताच्या बोटांत खोचून मी कधीच चहा टाकायला आलेय."

टेप ताठच होती. चष्मा खाली घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

चार.