उत्तरेची थरथर

पठारावरच्या वाळक्या बाभळींवर सत्तावीस गरुड बसले होते. शाल्मलीने दुर्बिणीतून दोनदा मोजले. प्रत्येकाच्या पाठीवर टॅग होता. वाटेतल्या पवनचक्क्यांत गरुड चिरडले जाऊ नयेत म्हणून टॅग हलकेच थरथरायचा आणि पक्ष्याला वळवायचा. तीन पिढ्या ते असेच दर उन्हाळ्यात मंगोलियाला जाऊन येत होते. परवा टॅगांना दिशा देणारा उपग्रह बंद पडला. नवा सोडायला कोणी तयार नव्हतं.

"जातील गं," पेंढारकर सर म्हणाले. "लाखो वर्षांची सवय आहे त्यांना."

"सर, यांतल्या एकानेही स्वतः वाट शोधलेली नाही."

"तुझं भाकीत ठेव बाजूला!" टॅगची कल्पना सरांचीच होती.

ऊन तापलं आणि हवेच्या झोतावर एकेक गरुड वर चढला. सरांनी तिचा खांदा घट्ट धरला. "बघ! म्हटलं नव्हतं?"

गरुड उंचावर गोल गोल फिरत राहिले, जणू पाठीवरच्या थरथरीची वाट पाहत. संध्याकाळी सगळे बाभळींवर परतले.

वैशाख संपला तेव्हा सरांनीच मोजणी केली. बाभळींवर गरुड अकरा, खाली उन्हाने मेलेले सोळा. टॅगांतल्या नोंदींनुसार उत्तरेकडे कापलेलं अंतर शून्य किलोमीटर.